जुन्या वसाहतीच्या पुनर्विकासासाठी वास्तुरचना स्पर्धा: कशी घ्यावी, कुठे जपावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानदेशातल्या एका नगरपालिका शहरात गिरणी कामगारांसाठी साठच्या दशकात बांधलेली वसाहत आहे. बारा दुमजली इमारती, 144 कुटुंबं. प्रत्येकाला एक खोली आणि स्वयंपाकघर, संडास मागच्या बाजूला सामायिक. गिरणी बंद पडली, घरं सोसायटीच्या नावावर झाली आणि आता स्लॅबचे पोपडे पडताहेत. दोन बिल्डरांचे प्रस्ताव आले आहेत, दोन्हींत सात मजली इमारती. सोसायटीच्या सचिव ताई विचारतात: बिल्डर निवडण्याआधी आम्हीच आर्किटेक्टांची स्पर्धा घेतली तर चालेल का? ती कशी घ्यायची, खर्च किती, निवड करताना रहिवाशांचा शब्द कसा राहील, आणि स्पर्धेनंतर बिल्डर येतील का?

ताई, चालेल, आणि तुमच्यासारख्या वसाहतीने तर ती जरूर घ्यावी. मी अशा स्पर्धांमध्ये सल्लागार म्हणून काम केलं आहे, परीक्षक म्हणून बसलो आहे आणि स्पर्धक म्हणून रात्री जागवल्या आहेत. तिन्ही बाजूंनी एकच गोष्ट दिसते. स्पर्धा जाहीर होते तोवर तिचं निम्म्याहून जास्त भवितव्य ठरून गेलेलं असतं. प्रश्न नीट मांडलेला असेल तर साधी ऑफिसंसुद्धा चांगली घरं देतात. प्रश्नच ढिसाळ असेल तर देशातला मोठ्यात मोठा आर्किटेक्टही तुम्हाला देखणं चित्र देऊन मोकळा होतो. म्हणून या उत्तरात मी नियमांपेक्षा आधीच्या तयारीवर जास्त बोलणार आहे.

सगळ्यात आधी एक फरक समजून घ्या. कल्पना स्पर्धा वेगळी, प्रकल्प स्पर्धा वेगळी. कल्पना स्पर्धेत बक्षीस देतात, प्रदर्शन भरवतात आणि विषय तिथे संपतो. प्रकल्प स्पर्धेत विजेत्याला काम देण्याचं लेखी वचन असतं. तुम्हाला दुसरी हवी आहे. आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची स्पर्धांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती मागवून घ्या आणि स्पर्धेचा मसुदा त्यांना धरूनच करा. चांगली ऑफिसं मसुदा वाचताना सगळ्यात आधी हेच बघतात, की काम खरंच मिळणार आहे का आणि परीक्षक कोण आहेत. या दोन उत्तरांत गोलमाल दिसला तर ती भागच घेत नाहीत.

आता कागद. जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे? मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव लागलंय का, की अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) अजून अर्धवट आहे? भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता न येण्याची, अट आहे का? शासनाची किंवा मंडळाची जमीन भाडेपट्ट्यावर असेल तर मुदत आणि अटी काय? हे सगळं मसुद्याला जोडायचं असतं. नंतर हद्दीचा वाद निघाला की विजेत्याचं डिझाइन कोपऱ्यातून कापलं जातं, आणि कापलेल्या कोपऱ्यात बहुतेक वेळा मुलांचं मैदान असतं. शासकीय मोजणी करून घ्या. त्याबरोबर जुन्या झाडांची, विजेच्या खांबांची आणि ड्रेनेजच्या लाइनचीही नोंद करून घ्या.

सोसायटीचा पुनर्विकास असल्यामुळे सहकार कायद्याच्या कलम 79(अ) खालचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय तुम्हाला लागू पडतो. विशेष सर्वसाधारण सभा, गणसंख्या, सभेचं चित्रीकरण, निबंधकांचा प्रतिनिधी ही सगळी पद्धत त्यात दिली आहे. स्पर्धा घेण्याचा ठराव वेगळा आणि विजेत्याची नेमणूक करण्याचा ठराव वेगळा ठेवा. पण पहिल्याच ठरावात एक वाक्य असू द्या, की परीक्षक मंडळाचा निर्णय सोसायटीवर बंधनकारक राहील आणि तो फिरवायचा असेल तर कारण लिहून द्यावं लागेल. हे वाक्य नसेल तर निकालानंतर ‘माझ्या भाच्याचा प्लॅन पण बघा’ सुरू होतं. नगरपालिका पैसे किंवा जागा देणार असेल तर तिचाही सर्वसाधारण सभेचा ठराव जाहिरातीआधी हातात घ्या. मुख्याधिकारी साहेब कितीही चांगले असले तरी त्यांची बदली होते. ठराव मात्र राहतो. लेखापरीक्षणातही तोच उपयोगी पडतो, कारण सर्वांत कमी दराची निविदा का घेतली नाही, हा प्रश्न येणार हे धरूनच चाला.

आता खरा गाभा, म्हणजे गरजांचा मसुदा. याला किमान तीन-चार महिने द्या.

प्रत्येक घराची पाहणी करा, आणि करणाऱ्यांमध्ये वसाहतीतल्या बायका असू द्या. माणसं किती, एवढंच विचारून भागत नाही. शिलाई मशीन कोणत्या खिडकीखाली आहे, हातगाडी रात्री कुठे लागते, रिक्षा कोणाची, पापडाचा धंदा कोणाचा, जिना चढू न शकणारं कोण आहे, भाडेकरू कोण आणि त्याच्याकडे कागद काय. आणि घर किती भरतं हे मोजायचं तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात मोजा. माहेरवाशिणी मुलाबाळांसह आलेल्या असतात, ऊन 44-45 अंशांवर असतं, आणि पाच माणसांच्या घरात अकरा जण असतात. आपल्याकडचं घर त्या आठवड्यात टिकलं तर वर्षभर टिकतं. झोका कोणत्या निंबाला बांधतात हेही नकाशावर मांडा. ते झाड राहणार, असं मसुद्यात लिहा. स्पर्धक त्याच्याभोवती रचना करतील, ते त्यांचं कामच आहे.

पाणी हा दुसरा मुद्दा. आपल्या कित्येक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरलं जातं. पुण्या-मुंबईच्या आर्किटेक्टला हे सांगितल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे तो 200 लिटरच्या दोन पिंपांना जागाच ठेवत नाही. मग लोक ती बाल्कनीत ठेवतात आणि बाल्कनी गेली. मसुद्यात स्पष्ट लिहा: किती दिवसांच्या साठवणीची सोय घरात, किती गच्चीवर, किती जमिनीखालच्या टाकीत.

आणि आता ती गोष्ट, जी मी प्रत्येक वसाहतीला करायला लावतो. मैदानात चुन्याच्या फक्कीने पूर्ण मापाचं घर आखा. साइटवर लाइनआउट करतात तसंच. पंतप्रधान आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी 30 चौरस मीटर चटई क्षेत्र धरलं गेलं, म्हणजे साधारण 323 चौरस फूट. तुम्हाला याहून मोठं मिळणार असेल तर त्या मापाचं आखा. भिंती म्हणजे रेषा, दार म्हणजे रेषेतली फट. मग घरातून खरं सामान आणा: बाज, कपाट, गॅसची शेगडी, पिंप, शिलाई मशीन. अशाच एका वसाहतीत सत्तरीच्या आजी फक्कीच्या घरात येऊन उभ्या राहिल्या. सुनेने बाज लावली, कपाट लावलं, नातवाने सायकल आणून टेकवली. आजींनी चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, “उन्हायामा आम्ही जपसूत कोठे?” म्हणजे, उन्हाळ्यात आम्ही झोपायचं कुठे? त्या वसाहतीत उन्हाळ्यात सगळे बाहेर झोपायचे. बायका ओट्यावर, पुरुष मोकळ्यात, पोरं धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. आमच्या तोवरच्या मसुद्यात झोपायची जागा घरातच धरलेली होती. आजींच्या प्रश्नानंतर मसुद्यात एक पान वाढलं: रात्री बाहेर झोपण्याची जागा, बायकांसाठी सुरक्षित, दिव्याच्या उजेडापासून आडोशाला, आणि घराच्या दारातून दिसेल अशी. पुढे स्पर्धेत खरी कसोटी त्याच पानावर लागली. एका ऑफिसने दर चार घरांमागे एक अर्धी उघडी गच्ची दिली होती. दुसऱ्याने जिन्याचा मधला टप्पाच रुंद करून त्याचा ओटा केला होता.

खानदेशात धाब्याचं घर ज्याने जगलंय त्याला वेगळं सांगायला नको. जाड मातीचं माळवद दिवसाचं ऊन अडवून धरतं, आणि रात्री वर झोपायला तेच छत मिळतं. वर कुरडया, पापड वाळतात. सिमेंटच्या पातळ स्लॅबने हे सगळं काढून घेतलं आणि बदल्यात पंखा दिला. आपण साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेअखेरीस मध्यान्हीला सूर्य जवळपास थेट डोक्यावर असतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छत खातं आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या आणि पश्चिमेच्या घरांचं काय करणार, हे प्रत्येक स्पर्धकाला विचारलंच पाहिजे. मी मसुद्यात एक आकृती सक्तीची करतो: मे महिन्यात दुपारी दोन वाजता वरच्या मजल्यावरच्या घराचा छेद, म्हणजे घर उभं कापल्यावर आत जे दिसतं ते चित्र. ऊन कुठे पडतं, वारा कुठून येतो, कूलर कुठे बसतो. कूलरचं तर विशेष बघा. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, ती ओली करून आत ढकलतो, आणि आतली हवा बाहेर जायला समोर वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होऊन बसते. इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये, म्हणजे बंदिस्त पोकळीत, उघडणाऱ्या खिडकीला लावलेला कूलर निरुपयोगी आहे. आपल्याकडे घरोघरी कूलर आहे आणि तरीही तुमच्या दोन्ही बिल्डरांच्या प्लॅनमध्ये, तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून सांगतो, स्वयंपाकघराची आणि एका खोलीची खिडकी डक्टमध्येच आहे.

जमिनीबद्दलही आधीच सांगा. तापी-गिरणेच्या खोऱ्यात काळी माती कुठे किती खोल जाईल याचा नेम नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हलक्या इमारतींच्या भिंती तडकवते. तीन-चार ठिकाणी ट्रायल पिट (चाचणीचे खड्डे) घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा आणि माती तपासणीचा अहवाल सगळ्या स्पर्धकांना सारखाच द्या. पायाचा खर्च नंतर वाढला की कात्री ओट्यावर आणि गच्चीवरच चालते.

पाडायचं की राखायचं, हा प्रश्न मसुद्यात उघडा ठेवा. आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, आणि ते करणारा इंजिनिअर पुढच्या कामात हितसंबंध नसलेला असू द्या. सगळ्या बाराही इमारती सारख्याच मोडकळीला आल्यात असं सहसा नसतं. पॅरिसमध्ये ब्वा-ल-प्रेत्र नावाच्या जुन्या उंच इमारतीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिच्यासाठी घेतलेल्या स्पर्धेत फ्रेदेरिक द्रुओ, आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांनी ती न पाडता प्रत्येक मजल्याला बाहेरून नव्या खोल्या आणि बाल्कन्या जोडल्या. काम 2011 मध्ये पूर्ण झालं आणि ते चालू असताना रहिवासी तिथेच राहिले. तुमच्या इमारतींचं तसंच करा असं माझं म्हणणं नाही. पण मसुद्यात ‘जुन्या इमारती पाडून’ असे शब्द आले की ही वाट कुणी शोधतच नाही.

पाडायचं ठरलं तर मधल्या दोन-तीन वर्षांत लोक कुठे राहतील, हा डिझाइनचाच भाग आहे असं धरा. टप्प्याटप्प्याने बांधता येईल का? मोकळ्या मैदानाच्या कडेला आधी दोन इमारती उभ्या केल्या तर पहिली 24 कुटुंबं थेट नव्या घरात जातील का? संक्रमण शिबिर आणि घरभाडं या शब्दांना लोक घाबरतात आणि त्यांची भीती रास्त आहे. एकदा किल्ली दिली की परत घर मिळेलच याची खात्री कोण देणार? ज्या योजनेत कमीत कमी कुटुंबांना वसाहतीबाहेर जावं लागतं तिला परीक्षणात वजन द्या, आणि ते किती हे आधीच छापा.

किती मजले, यावर माझं मत ठाम आहे. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांची देखभाल 144 कामगार कुटुंबांना परवडणार आहे का, याचा महिन्याचा हिशेब प्रत्येक स्पर्धकाकडून मागा. तळमजला अधिक तीन मजल्यांत दाट आणि तरीही मोकळी वस्ती होते. इंदूरला बाळकृष्ण दोशींचं अरण्य आहे, त्याला 1995 चा आगाखान पुरस्कार मिळाला. तिथे पाया, संडास-न्हाणी आणि पाण्याची सोय देऊन घर लोकांनी आपापल्या ऐपतीने वाढवलं. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने सरळ इंदूर गाठता येतं. समिती म्हणून एकदा जाऊन या आणि येताना तिथल्या बायकांशी बोला. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बांधलेली वसाहतही बघा. अंगणाभोवती सात-सात घरं कशी बसतात ते नकाशापेक्षा तिथे उभं राहून कळतं. याच कोरियांनी 1969 च्या सुमाराला पेरूमधल्या लिमा शहरासाठीच्या प्रेवी या गृहस्पर्धेत भाग घेतला होता. तिथल्या परीक्षकांनी एकाच विजेत्यावर न थांबता जवळपास सगळ्याच डिझाइनची घरं शेजारी शेजारी बांधायला सांगितली. पुढे कुटुंबांनी त्यांवर मजले चढवले, दुकानं काढली. तुमच्या मसुद्यातही ‘घर पुढे कसं वाढेल’ हा प्रश्न असू द्या, भले ते वाढणं गच्चीच्या एका कोपऱ्यापुरतंच असेल.

जे बदलता येणार नाही तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तुमच्यासमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर किती एफएसआय (प्लॉटच्या मापात किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळतो, पार्किंग किती, मोकळी जागा किती, हे नगररचना विभागाकडून लेखी घ्या आणि मसुद्याला जोडा. ‘स्पर्धकांनी नियम पाहून घ्यावेत’ असं लिहिणं म्हणजे प्रत्येकाला वेगळा पेपर देणं. आणि विक्रीसाठी किती घरं किंवा गाळे काढले तर रहिवाशांचा भार किती कमी होतो, हे गणित स्पर्धेआधी एखाद्या जाणकाराकडून करून घ्या. पैशांची मर्यादा लपवू नका. ‘बजेट नंतर सांगू’ म्हणणारी स्पर्धा स्वप्नं मागवते आणि मग ती नाकारते.

आता प्रत्यक्ष पद्धत. तुमच्यासाठी दोन टप्प्यांची घ्या. पहिला टप्पा सगळ्यांना खुला, दोनच ए-वन आकाराचे कागद, आठ आठवडे. त्यातून पाच संघ निवडा. दुसऱ्या टप्प्यात पाचांनाही समान मानधन, दहा आठवडे, 1:50 चा सामानासह घराचा नकाशा, एक मॉडेल आणि खर्चाचा अंदाज. तो अंदाज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर, म्हणजे आपण डीएसआर म्हणतो त्यावर, आणि तुमच्या बाजूच्या वेगळ्या माणसाने तपासलेला. पहिल्या टप्प्यात रंगीत थ्रीडी चित्रं बंद ठेवा. त्यांत संध्याकाळचं सोनेरी ऊन असतं, फुगे घेतलेली मुलं असतात, आणि नकाशा वाचायची परीक्षकांची सवय मोडते. सगळे मथळे, टिपा, तक्ते मराठीत मागा. ज्यांच्या घराची गोष्ट आहे त्यांना ती वाचता आली पाहिजे.

पात्रतेची अट एकच ठेवा: काउन्सिलकडे नोंदणी. 1972 च्या कायद्याने आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला ती लागतेच. वार्षिक उलाढाल, आधी केलेल्या अशाच कामांची रक्कम, असल्या अटी घालू नका. त्यांनी फक्त मोठी ऑफिसं उरतात. अनुभव कमी असलेला संघ जिंकला तर त्याने अनुभवी संस्थेशी भागीदारी करावी असं कलम टाका. जळगाव-धुळ्याच्या तरुण ऑफिसांना यायला सांगा, गावातल्या सिव्हिल इंजिनिअरांना त्यांच्याबरोबर संघात येऊ द्या. साइटवर रोज कोण येणार, हे शेवटी त्यांच्यावरच येतं.

नावं गुप्त ठेवणं हा कणा आहे. कागदांवर फक्त सांकेतिक क्रमांक, नाव बंद लिफाफ्यात, लिफाफे सल्लागाराच्या कुलुपात. परीक्षकांनी अहवालावर सह्या केल्यावरच ते फोडायचे. प्रश्नोत्तरं लेखी आणि सगळ्यांना एकाच दिवशी. कोणी स्पर्धक ‘सहज भेटायला’ घरी आला तर त्याला चहाही देऊ नका. रूक्षपणा वाटेल, पण इथे तो न्याय आहे.

परीक्षक मंडळ सात जणांचं ठेवा. चार आर्किटेक्ट, त्यातले किमान दोन परवडणारी घरं प्रत्यक्ष बांधलेले आणि एक तरी उष्ण प्रदेशात काम केलेला. एक स्ट्रक्चरल इंजिनिअर. दोन रहिवासी, त्यांतली एक बाई असलीच पाहिजे. राजकीय व्यक्तीला मंडळात घेऊ नका, मात्र नगरसेवकांना प्रत्येक टप्प्यावर माहिती द्या, म्हणजे अडवणूक होणार नाही. परीक्षकांची नावं जाहिरातीतच छापा. परीक्षक, त्याचं ऑफिस, त्याचे नातेवाईक स्पर्धेत नकोत, आणि पुढे या कामात त्याला कोणतंही कंत्राट नको.

रहिवासी परीक्षकांची तयारी करून घ्या. एका अनुभवी आर्किटेक्टने दोन दिवस बसून त्यांना नकाशा, छेद, मापं वाचायला शिकवायची. त्यांच्याच घराचा नकाशा काढून त्यावर सुरुवात केली की लवकर जमतं. एका परीक्षणात सगळ्यांना आवडलेल्या योजनेपुढे आमच्यातल्या रहिवासी ताई बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी बोटाने दारापासून मोरीपर्यंतचा रस्ता मोजला आणि म्हणाल्या, रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपतो तो या घरात कुठे झोपणार? प्रत्येक खोली वाटेत होती. आम्ही चार आर्किटेक्टांनी ते पाहिलं नव्हतं. योजना बाद झाली नाही, पण दुसऱ्या टप्प्यात त्या संघाला तो एक शेरा लिहून पाठवला, आणि त्यांनी घर आरपार बदललं. दोन टप्प्यांचा फायदा हाच आहे.

बाकीच्या रहिवाशांसाठी, दुसऱ्या टप्प्याचे पाचही कागद आणि मॉडेलं शाळेच्या हॉलमध्ये आठवडाभर मांडा. नावं अजूनही झाकलेलीच. मतदान घेऊ नका. मतदानात सगळ्यात रंगीत कागद जिंकतो आणि हरलेल्या गल्ल्या रुसतात. त्यापेक्षा प्रत्येक योजनेखाली वही ठेवा: काय आवडलं, काय अडचणीचं वाटतं. लिहिता न येणाऱ्यांचं म्हणणं कॉलेजच्या मुलींनी बसून लिहून घ्यावं. त्या वह्या परीक्षकांपुढे ठेवायच्या आणि त्यांनी अहवालात त्यांना उत्तर द्यायचं.

खर्चाचं बोलायचं तर समजा एकूण बांधकाम 25 कोटींचं आहे. त्याचा एक टक्का म्हणजे 25 लाख. पाच संघांना तीन-तीन लाख म्हणजे 15 लाख, उरलेल्यात सल्लागार, मोजणी, माती तपासणी, परीक्षकांचा प्रवास-मानधन, प्रदर्शन. एवढ्यात नेटकी स्पर्धा होते. यातली मोजणी आणि माती तपासणी तुम्हाला एरवीही करावीच लागली असती, आणि विजेत्याची रक्कम त्याच्या फीतून वळती होते. पैसे नगरपालिकेकडून घ्या, बँकेकडून घ्या, गावातल्या देणगीदारांकडून घ्या, पण देणाऱ्याला परीक्षक मंडळात जागा देऊ नका. आणि ज्या बिल्डरांनी प्रस्ताव दिलेत त्यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नका.

शेवटी निकालानंतरचं. विजेत्याशी करायच्या कराराचा मसुदा स्पर्धेच्या कागदपत्रांतच छापा: फी किती टक्के, कोणत्या टप्प्यावर किती, साइटवर आठवड्यातून किती दिवस. परवानगीच्या नकाशांपर्यंत आर्किटेक्ट आणि पुढे बिल्डरचा माणूस, ही वाट बंद करा. कामाच्या नकाशांपासून ताबा देईपर्यंत तोच राहिला पाहिजे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या बायकर वसाहतीचं काम राल्फ अर्स्किनने घेतलं तेव्हा त्याच्या ऑफिसने त्या वस्तीतच एका बंद पडलेल्या दुकानात बस्तान मांडलं होतं. लोक येता-जाता आत शिरून नकाशे बघायचे. तुमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक टेबल विजेत्याला द्या, भाडं घेऊ नका, आणि तिथे माणूस बसलाच पाहिजे अशी अट घाला. विजेता माघार घेईल किंवा त्याचं-तुमचं जमणार नाही, यासाठी दुसऱ्या क्रमांकाकडे जाण्याचं कलम ठेवा. न जिंकलेल्यांच्या कल्पना त्यांना विचारल्याशिवाय आणि मोबदला दिल्याशिवाय वापरू नका.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न होता, स्पर्धेनंतर बिल्डर येतील का? येतील. हातात मंजूर नकाशे, माती तपासणी, मोजमापाचं पत्रक आणि 144 कुटुंबांच्या सह्या असलेली सोसायटी बिल्डरला जोखमीची वाटत नाही. फरक एवढाच पडतो की तेव्हा तुम्ही निविदा काढता आणि तो दर भरतो. विक्रीची घरं थोडीच असतील आणि कर्ज उभं राहत असेल तर बिल्डर न घेता स्वयंपुनर्विकासाचाही विचार करा. त्यासाठीही शासनाने 2019 मध्येच वेगळा निर्णय काढला आहे. तोवर दोन्ही प्रस्तावांना एकच उत्तर द्या: सोसायटीच्या ठरावानुसार आधी डिझाइन होईल, आपला प्रस्ताव नोंदवून ठेवला आहे. कशावरही सही करू नका, ‘फक्त संमतीपत्र’ म्हणाले तरीही. आणि मोजणीचा अर्ज याच महिन्यात भूमी अभिलेख कार्यालयात टाका, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.